रेडिएशन संपले, पण बाबांचे तोंड उघडत नाही

प्रश्न : माझे सासरे 61 वर्षांचे असून बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत. आम्ही काळाचौकीला चाळीत राहतो. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या गालात आतून कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेत गालाचा आतला भाग, खालच्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या आणि छातीचे मांस वर आणून ती जागा भरली. मग 30 वेळा रेडिएशन आणि त्याबरोबर आठवड्याला एक किमो झाली. हे सगळे संपून चार महिने झाले. आजार दिसत नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण तोंडात जेमतेम एक बोट जाते, डावा हात खांद्याच्या वर जात नाही आणि वजन 68 किलोवरून 54 वर आले आहे. त्यांना 12 वर्षांपासून मधुमेह आहे आणि चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. व्यायामाचा कागद मिळाला होता, पण सासूबाईंचे म्हणणे असे की, इतके सोसलेल्या माणसाला आता हलवू नका, जबडा ओढला तर गाठ पुन्हा उठेल. साखरेवर कर्करोग पोसतो असे शेजारी सांगतात, म्हणून दूध आणि फळेही बंद केली आहेत. बाबा दिवसभर आतल्या खोलीत बसून असतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत, बाहेर पडताना तोंडावर रुमाल धरतात आणि आमच्या पंगतीला बसत नाहीत. त्यांना आणखी किती दिवस विश्रांती द्यावी?
— एक सून, काळाचौकी

उत्तर : विश्रांती आता थांबवावी, आणि ती थांबवण्याची सुरुवात तोंडापासून करावी. बाकीच्या गोष्टींना एक-दोन आठवड्यांची सवड आहे, तोंडाला नाही.

जबडा मिटणारे मोठे स्नायू गालाच्या मागच्या बाजूला, कानाच्या पुढे असतात. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत त्या जागेवर आधी शस्त्रक्रिया झाली आणि मग रेडिएशन गेले. रेडिएशनचा परिणाम शेवटच्या दिवशी संपत नाही. मऊ, लवचिक मांसाच्या जागी हळूहळू दोरासारखे चिवट तंतू तयार होत जातात, आणि हे काम आतल्या आत कित्येक महिने, कधी काही वर्षेही चालू राहते. त्या काळात जबडा रोज ताणला नाही, तर तंतू आखूड होऊनच घट्ट बसतात. म्हणजे घरातल्या माणसांना जी विश्रांती वाटते, ती जबड्याच्या दृष्टीने आणखी आखडण्याला दिलेली मोकळीक असते. निरोगी माणसाचे तोंड त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतके उघडते. पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमधले अंतर 35 मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर तोंड आखडले आहे असे आम्ही धरतो. एक बोट म्हणजे याच्या जेमतेम निम्मे. चार महिने उशीर झाला आहे, हे मी लपवणार नाही, पण या टप्प्यावर सुरुवात करूनही चमचा नीट जाईल, दात घासता येतील आणि डॉक्टरांना आत पाहता येईल इतके तोंड उघडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. हे शेवटचे कारण सासूबाईंना मुद्दाम सांगा. तोंड बंद राहिले, तर आजार परत आला आहे की नाही हे तपासणेच अवघड होऊन बसते.

गाठ पुन्हा उठेल, ही त्यांची भीती मी हलक्याने घेत नाही, कारण ती मायेतून आली आहे. तरीही व्यायामाने कर्करोग पसरत नाही आणि परतही येत नाही. टाळायचे आहे ते मालिश. रेडिएशन घेतलेल्या मानेवर तेल लावून जोराने चोळू नये, कारण तिथली कातडी नाजूक झालेली असते. तसेच कोणी दुसऱ्याने जबडा धरून झटक्याने उघडू नये. ताण किती द्यायचा हे ज्याचे तोंड आहे त्यानेच, स्वतःच्या हाताने ठरवायचे असते.

सुरुवात करण्यापूर्वी एकदा शल्यचिकित्सकांना विचारून घ्या की जबड्याचे हाड आणि भरलेले मांस ताण सोसण्याइतके जुळले आहे का. चार महिन्यांनी बहुधा होकारच मिळतो. त्यानंतर औषधाच्या दुकानातून घसा तपासण्याच्या चपट्या लाकडी पट्ट्या आणा. आइस्क्रीमच्या काडीसारख्याच त्या दिसतात. बाबांना आरशासमोर, पाठ टेकून बसवा. सहज मावतील तेवढ्या पट्ट्या एकावर एक रचून पुढच्या दातांमध्ये ठेवाव्यात आणि मग मधोमध आणखी एक पट्टी हळूहळू सरकवावी. ओढ जाणवली पाहिजे, डोळ्यांत पाणी येता कामा नये. तीस सेकंद तसेच ठेवावे, सोडावे, आणि असे पाच वेळा करावे. दिवसातून पाच बैठका. पुढचे दात हलत असतील, तर हा प्रकार तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय करू नये. आधी गालाला शेक दिला तर स्नायू सैल पडतात, पण शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूची कातडी पुष्कळदा बधिर असते आणि भाजले तरी कळत नाही, म्हणून कापड नुसते कोमट असावे आणि ते आधी तुमच्या मनगटावर लावून पाहावे.

दर रविवारी सकाळी मोजपट्टीने दातांमधले अंतर मोजून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत लिहा. आठवड्याला एखादा मिलिमीटर वाढला, तरी ती चांगली गती आहे. एखादा आठवडा काहीच वाढणार नाही. मात्र व्यायाम नियमित चालू असताना आकडा अचानक खाली येऊ लागला, किंवा तोंडात नवा व्रण, रक्त, मानेत गाठ किंवा कानात सतत ठणका जाणवला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कर्करोगाच्या डॉक्टरांकडे जा. हा आजार परत यायचा असेल, तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून या काळातल्या तपासण्या चुकवू नयेत.

आता खाण्याविषयी. इथे तुमच्या घरात आजारापेक्षा ऐकीव गोष्टींनीच अधिक नुकसान केले आहे, असे मला स्पष्ट सांगावेसे वाटते. 68 किलोच्या माणसाने 14 किलो गमावणे म्हणजे देहाचा पाचवा भाग जाणे. त्यात नुसती चरबी गेलेली नाही, स्नायूही गेले आहेत. आणि व्यायाम ज्या स्नायूंनी करायचा तेच नसतील, तर व्यायामाचा उपयोग तरी काय? आहारातली साखर तोडल्याने कर्करोग उपाशी मरतो, याला आधार नाही. मधुमेहासाठी साखर, गूळ, मिठाई यांवर बंधन हवे ते हवेच, पण दूध बंद करण्याचे काहीच कारण नव्हते. उपचारांतून उठणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. 54 किलोला ती 65 ते 80 ग्रॅम होतात. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात आणि पेलाभर दुधातून जवळपास तितकीच. वरणाचे नुसते वरचे पाणी, जे आजाऱ्यासाठी म्हणून आपल्याकडे हमखास काढून ठेवतात, त्यातून फारच थोडी मिळतात, कारण डाळ तळाशी राहिलेली असते. डाळ घोटून दाट करून द्या, मऊ भातात तूप घाला, नाचणीची पेज पाण्याऐवजी दुधात शिजवा, अंडे उकडून चांगले कुस्करून द्या, आणि तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा-सात लहान वेळा ठेवा. प्रथिने वाढवण्याआधी किंवा डब्यातली पावडर सुरू करण्याआधी रक्तातील क्रिएटिनिन मात्र तपासून घ्या, कारण मधुमेह आणि किमो या दोहोंचा भार मूत्रपिंडांवर पडलेला असू शकतो.

मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल पत्रात काहीच नाही, आणि मला तीच गोष्ट सर्वांत जास्त खटकली. 68 किलो वजन असताना, दोन्ही वेळा पोटभर जेवताना बसवलेली मात्रा आजही तशीच चालू असेल, तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते, विशेषतः ते इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील तर. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. साखर 70 च्या खाली गेली, तर ताबडतोब काही गोड पोटात गेले पाहिजे. इतरांना आपण अशा वेळी साखरेचा खडा चघळायला देतो. तुमच्या सासऱ्यांना तो खडा तोंडात घालून चघळणे अवघड जाईल, म्हणून ग्लुकोजची पूड आणि लहान चमचा नेहमी हाताशी असू द्या. या आठवड्यातच मधुमेहाच्या डॉक्टरांना नवे वजन आणि नवा आहार सांगून मात्रा तपासून घ्या.

हा नवा आहार सुरू करण्याआधी गिळणे सुरक्षित आहे की नाही, हे पाहावे लागेल. पाणी पिताना ठसका लागतो का? जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता होतो का? मधूनमधून विनाकारण ताप येतो का? यांपैकी काहीही असेल, तर अन्नाचे कण श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता आहे, आणि काही रुग्णांत तर ठसकाही न लागता ते जातात. याची तपासणी वाचा आणि गिळण्याचे उपचार करणारे तज्ज्ञ करतात; मान किंचित खाली करून गिळणे, द्रव थोडे दाट करणे अशा युक्त्या ते शिकवतात, पण कोणती युक्ती कोणाला लागू पडते हे तपासल्यावाचून ठरवता येत नाही. बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून मदत करणारी माणसेही हीच. आयुष्यभर भरलेल्या बसमध्ये ‘पुढे सरका’ म्हणून मोठ्याने सांगणाऱ्या माणसाला आज आपला शब्द घरच्यांनाही दोनदा सांगावा लागत असेल, तर तो बोलणेच सोडतो.

हाकेला ओ न देण्याचा अर्थही घाईने लावू नका. रेडिएशनबरोबर आठवड्याला दिली जाणारी किमो बहुधा सिस्प्लॅटिनची असते, आणि त्या औषधाने ऐकू येणे कमी होऊ शकते. बाबा रुसले आहेत की त्यांना ऐकूच येत नाही, हे श्रवणचाचणी सांगेल. याच औषधाने पावले बधिर होऊ शकतात आणि मधुमेहानेही होतात, म्हणून रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहून घ्या. सततचा थकवा, थंडी वाजणे, मन मंदावणे हे सगळे अशक्तपणाच्या खात्यावर मांडू नका. मानेला रेडिएशन घेतलेल्यांत थायरॉइड ग्रंथी मंद होणे नेहमीचे आहे. ते साध्या रक्तचाचणीत कळते, एका गोळीने आवाक्यात येते, आणि ही चाचणी दर सहा ते बारा महिन्यांनी करायची असते. हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहून घ्या.

हात वर न जाण्याचे कारण खांद्यात नाही, मानेत आहे. खांदा उचलून धरणाऱ्या स्नायूकडे जाणारी एक नस मानेतल्या गाठींच्या अगदी जवळून जाते, आणि गाठी काढताना ती ताणली जाते. कधी ती वाचवता येत नाही. नुसती ताणली असेल, तर काही महिन्यांत, कधी वर्षभरात, ती सावरते. शस्त्रक्रियेच्या नोंदीत नस राखली आहे का हे लिहिलेले असते, ते डॉक्टरांकडून वाचून घ्या. दरम्यान सांधा आखडू देता कामा नये. बसताना डाव्या कोपराखाली उशी ठेवा, म्हणजे लोंबणाऱ्या हाताचा भार मानेवर येणार नाही. दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे ओढून पाच सेकंद धरणे, भिंतीवर बोटे चालवत दुखेपर्यंत नव्हे तर ओढ जाणवेपर्यंत हात वर नेणे, एवढ्याने प्रारंभ होतो. ताकद वाढवण्यासाठी रबरी पट्ट्यांचा व्यायाम पुढे फिजिओथेरपिस्ट देतील, आणि अशा खांद्याला त्याचा खरोखर उपयोग होतो. त्या हाताने पाण्याची बादली मात्र उचलू देऊ नका.

चालण्यासाठी तुमच्याकडे चाळीची गॅलरी आहे, आणि ती या कामाला उत्तम आहे: सपाट, सावलीची, मध्येच टेकायला कठडा असलेली. हृदयरोगतज्ज्ञांची संमती घेऊन पाच मिनिटांपासून सुरुवात करा आणि चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा. छातीत दडपण आले, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवावे. पुढे कुठवर जायचे, याचा अंदाज असावा म्हणून सांगते. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक संस्थेने बोलावलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने 2019 मध्ये जो सल्ला प्रसिद्ध केला, त्यात कर्करोगातून उठलेल्यांसाठी आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन वेळा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. थकवा आणि उदासी, दोन्ही त्याने कमी होतात. बाबांना तिथे पोहोचायला तीन महिने लागले, तरी चालेल.

दातांविषयी एकच गोष्ट, पण ती विसरू नका. रेडिएशन घेतलेल्या जबड्यातला दात परस्पर काढला, तर जखम न भरता हाड कुजू शकते. कोपऱ्यावरच्या दंतवैद्याकडे गेलात, तरी आधी रेडिएशनचा कागद दाखवा, आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू देऊ नका.

आता रुमालाविषयी. तुम्ही सगळे मिळून त्यांची इतकी काळजी घेत आहात, पण तुमच्या पत्रात बाबांनी स्वतः काय मागितले, याचे एकही वाक्य नाही. त्यांना विचारा. वेगळे बसून जेवण्याचे कारण बहुतेक वेळा नाराजी नसते. ओठाच्या कोपऱ्यातून घास ओघळतो आणि नातवंडांसमोर ते नकोसे वाटते. त्यांच्यासाठी ठेवलेला ओला रुमाल पंगतीत सगळ्यांच्याच ताटांशेजारी ठेवला आणि ते दोन घास खाऊन उठले तरी कोणी टोकले नाही, तर काही दिवसांत ते जास्त वेळ बसतील. झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ वाटत नाही असे ते बोलत असतील, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना तेही सांगायचेच असते. ते तंबाखू खात असतील, तर ती पूर्ण सुटली आहे ना, हेही प्रेमाने विचारा. कंटाळा आणि एकटेपणा यांतून ती परत येते. नसेल सुटली, तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट मदत मिळते.

कुठे जायचे, हा प्रश्न मुंबईत तुलनेने सोपा आहे. ज्या रुग्णालयात उपचार झाले, तिथे फिजिओथेरपी, वाचोपचार, आहार आणि दंत असे विभाग असतील, तर पहिला हक्क तिथलाच, कारण शस्त्रक्रियेच्या नोंदी तिथे आहेत. त्याखेरीज हाजी अलीला 1955 पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, आणि ती तुम्हाला लांबही नाही. दूरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते की, लोकलच्या अपंगांसाठी राखीव डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत. परळमध्ये 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून त्या भागातल्या पदपथांनी नाकात नळी, गळ्यात पट्टी असलेली इतकी माणसे पाहिली आहेत की तिथे कोणी वळून बघत नाही. आपल्यासारखाच गाल असलेला दुसरा माणूस शेजारच्या बाकावर बसून पट्ट्या दातांत धरतो आहे, हे पाहिल्यावर रुमाल खाली येतो. हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

पहिल्या भेटीला जाताना डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, रेडिएशनचा तपशील, चालू गोळ्यांची पाकिटे, साखरेची वही आणि आठवडाभर बाबा काय, किती खातात याची साधी नोंद बरोबर न्या. फाइलमध्ये राहिलेला तो व्यायामाचा कागदही काढा. आणि घरी ते ज्या चमच्याने जेवतात, तो चमचा पिशवीत टाका. कोणता चमचा आत जातो, कुठे अडतो, घास ते कोणत्या बाजूने सरकवतात, हे तज्ज्ञाला प्रत्यक्ष दिसले पाहिजे. शक्य असेल तर सासूबाईंनाही बरोबर घेऊन जा. दुपारी तुम्ही कामावर असताना पट्ट्यांच्या बैठका त्यांच्याच देखरेखीखाली व्हायच्या आहेत.